आईनं निवडलेलं ख्रिसमसचं झाड

आमच्या घरात ख्रिसमस आला तो मुलीच्या शाळेतून. आम्ही मूळचे नागपूरचे, बौद्ध. राहायला सिंगापुरात, पुंगोलला. पूर्वी डिसेंबर म्हणजे आम्हाला फक्त सुट्टी. मग मुलगी शाळेत जायला लागली आणि पाठोपाठ प्लॅस्टिकचं एक झाड घरात आलं. कंबरेएवढं, छत्रीसारखं मिटणारं. दर वर्षी ते पलंगाखालून निघायचं आणि जानेवारीत परत पलंगाखाली जायचं. त्यानं कधी कुणाला त्रास दिला नाही.

मुलगी नऊ वर्षांची झाली त्या वर्षी एका मैत्रिणीकडे गेली होती. ती मैत्रीण कॉन्डोत, म्हणजे पैसेवाल्यांच्या खासगी सोसायटीत राहते. तिथं तिनं खरं झाड पाहिलं आणि घरी आल्यावर बूट काढायच्या आधीच मला सांगितलं, "पप्पा, आपलं ट्री फेक आहे. त्याला वास पण येत नाही."

"घरातल्या वस्तूला वास येत नाही हे चांगलंच असतं," मी म्हणालो.

"नो लाह!" ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "रिअल ट्रीचा वास व्हेरी नाइस वन."

मी निश्चिंत होतो, कारण माझा सगळा भरवसा बायकोवर होता. ती एका बँकेत अकाउंट्स बघते आणि ऑफिसातल्या तिच्या मजल्याची फायर वॉर्डन आहे. म्हणजे अधूनमधून आगीचा सराव असला की नारिंगी जॅकेट चढवून सगळ्या मजल्याला जिन्यानं खाली उतरवायचं. बाकीचे लोक हे काम टाळतात, हिला ते मनापासून आवडतं. आमच्या घरात इस्त्रीची वायर, टोस्टरची वायर, सगळ्यांवर तिची नजर असते. कापलेलं, वाळत जाणारं झाड ती घरात येऊ देणार नाही, अशी माझी खात्री होती.

ती म्हणाली, "आणू या की. नीट सांभाळलं तर काही होत नाही. ताजं घ्यायचं, पाण्यात ठेवायचं, आगीपासून लांब ठेवायचं."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. ऑफिसात आग लागत नाही म्हणून हिचा जीव तळमळत असावा, असा मला तेव्हा संशय आला.

आई त्या वेळी आमच्याकडे राहायला आली होती. नागपूरच्या शाळेत पोरांना पाढे आणि विज्ञान शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर नागपुरात थंडी पडायला लागली की ती आमच्याकडे येते. तिनं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मेलेलं झाड आणायचं, अन् मग त्याले पाणी पाजायचं? काहून?"

बायको म्हणाली, ते नर्सरीतच विचारू. म्हणून रविवारी आम्ही तिलाही बरोबर घेऊन नर्सरीत गेलो.

ही झाडं बोटीनं, थंडगार कंटेनरमधून, अर्धं जग ओलांडून येतात. नर्सरीत एका मोठ्या तंबूत एसी लावून ती उभी केली होती. काही जाळीत गुंडाळलेली, काही मोकळी सोडलेली. बाहेर घामाच्या धारा आणि आत एकदम डोंगरावरची हवा. मुलगी डोळे मिटून वास घेत उभी राहिली. मी खिशातून टेप काढला. निघण्याआधी मी छताची उंची मोजली होती, स्टँडची उंची त्यातून वजा केली होती, वरच्या चांदणीचीही केली होती. इंजिनिअर माणसानं एवढं तरी करायलाच हवं. मी झाडांची उंची मोजत एका टोकाकडून सुरुवात केली.

आईनं दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. ती एका झाडापाशी थांबली, फांदी मुठीत धरली आणि हात आपल्याकडे ओढला. मूठ उघडून पाहिली. तळहातावर सुयांसारखी चार-सहा पानं पडली होती. "हे शिळं आहे," ती म्हणाली आणि पुढच्या झाडाकडे गेली. तिथं एक पान बोटांत चुरडून वास घेतला. तिसऱ्याची फांदी तिनं वाकवून पाहिली. चौथं गदागदा हलवलं, तर तपकिरी पानांचा पाऊस तिच्या चपलांवर पडला. आयुष्यभर तिनं भेंडी, गवार, पालक असेच निवडले होते, आणि इथं फक्त भाजी थोडी मोठी होती.

"आई, सगळी झाडं असं हलवू नका हो," बायको दबक्या आवाजात म्हणाली. "तो माणूस बघतोय."

विकणारा चिनी गृहस्थ खरंच बघत होता. तो जवळ आला, तेव्हा मला वाटलं आता बोलणी बसणार. पण त्यानं आईनं नुकतंच धरलेलं पुढचं झाड दोन्ही हातांनी उचललं आणि बुंधा जमिनीवर धप्पकन आपटला. हिरवं पान एकही गळलं नाही. त्यानं आईकडे पाहिलं. आईनं वाकून बुंध्याच्या कापलेल्या तोंडाला बोट लावलं. बोट चिकट झालं.

"हेच," आई म्हणाली.

"व्हेरी फ्रेश, आंटी," तो म्हणाला.

मी टेप घेऊन पोहोचलो तोवर व्यवहार झाला होता. उंची मोजली. बरोबर बसत होती. माझा तेवढाच सहभाग.

त्यानं करवतीनं बुंध्याची पातळ चकती कापली, झाड पुन्हा जाळीत ओढून घेतलं आणि बजावलं की घरी गेल्या गेल्या पाण्यात ठेवा. उशीर झाला तर चीक सुकून तोंड बंद होतं, मग झाड पाणीच पीत नाही. घरपोच गाडी दोन दिवसांनी येणार होती. बायको म्हणाली, "दोन दिवस चालणार नाही. आत्ताच न्यायचं."

झाड घ्यायला दोन टॅक्सीवाल्यांनी नकार दिला. तिसरी मोठी गाडी होती. तिची मागची सीट आडवी करून बुंधा मागच्या दारापाशी ठेवला, आणि झाडाचा शेंडा सीटच्या मधून पुढे येत थेट आईच्या मांडीवर पोहोचला. आईनं तो पदरात धरला. रस्त्यातल्या प्रत्येक वळणावर ती त्याला दाबून धरायची आणि ड्रायव्हरला मराठीत सांगायची, "हळू चालव ना रे बापा." तो प्रत्येक वेळी म्हणायचा, "ओके, ओके, आंटी." घर येईपर्यंत दोघांचं चांगलं जमलं.

लिफ्टमध्ये झाड उभं राहिलं, म्हणून आम्हाला जागा उरली नाही. मी झाडाबरोबर वर गेलो, बाकीचे मागून आले.

घरी स्टँडमध्ये बुंधा बसेना. जरासाच जाड होता. मी सुरी आणून कडेची साल तासणार, तेवढ्यात बायको ओरडली, "साल काढू नकोस! पाणी तिथूनच वर चढतं." मग मी स्टँडचेच स्क्रू ढिले केले, ते मला आधी सुचायला हवं होतं. झाड उभं राहिलं, पाणी ओतलं, जाळी कापली. आणि फांद्या एकेक करून खाली आल्या. येतच राहिल्या.

मी उंची मोजली होती. रुंदी मोजायची राहिली होती.

हॉल अर्धा गेला. आता याला ठेवायचं कुठं? खिडकीत दुपारचं ऊन. समोरच्या भिंतीवर एसी, त्याचा वारा सरळ अंगावर आला तर झाड लवकर वाळणार. दाराजवळ ठेवलं तर बाहेर पडायची वाट बंद, आणि फायर वॉर्डनच्या घरात ते कसं चालणार? उरला एकच कोपरा. त्या कोपऱ्यात भिंतीवर लाकडी फळी आहे, आणि फळीवर आमची बुद्धमूर्ती.

आई रोज संध्याकाळी त्या फळीसमोर वंदना घेते. मूर्तीपुढे फुलं, मेणबत्ती आणि अगरबत्ती. झाड तिथं सरकवलं तेव्हा त्याची एक फांदी त्या मेणबत्तीच्या जागेपासून वीतभर अंतरावर होती.

"आई, इथं आता मेणबत्ती लावता येणार नाही," बायकोनं सांगितलं.

"काहून?"

"झाड पेटेल."

"हिरवं झाड पेटते का कधी? एवढं पाणी पिऊन राहिलं ते." आईनं माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. वंदना बंद करू का मी झाडासाठी?"

नवऱ्यानं अशा वेळी काय बोलायचं असतं हे मला आजवर समजलेलं नाही. मी म्हणालो, "बघू." दोघींनाही ते उत्तर आवडलं नाही.

मग मूर्ती हलवायची का, यावर बोलणं झालं. आईनं ते एका वाक्यात संपवलं. बुद्धांना झाडाखाली बसायची सवय आहे, ते कुठं जाणार नाहीत. तेव्हा झाड हॉलच्या मधोमध आलं. मेणबत्ती पेटायची आणि बायको शेजारी पाण्यानं भरलेली बादली घेऊन उभी राहायची. आई हात जोडून त्रिसरण म्हणतेय आणि मागे सून बादली धरून उभी, असं दृश्य आमच्या घरात रोज संध्याकाळी दिसायला लागलं. आम्ही सगळे बाथरूमला जाताना तिरके होऊन, पोट आत घेऊन जात होतो. मुलीला यात फार मजा वाटत होती.

झाडाचं पाणी बघायचं काम आईनं आपल्याकडे घेतलं. पहिल्या रात्रीत ते अख्खं स्टँडभर पाणी प्यालं. सकाळी आईनं वाकून पाहिलं आणि हाक मारली, "अरे, सारं पिऊन टाकलं यानं! तहान लागली होती बिचाऱ्याले." तोवर तिच्यासाठी ते मेलेलं झाड होतं. त्या सकाळपासून ते आजारी झाड झालं, आणि आजारी माणसाला बरं करायचं असतं. ती सकाळ-संध्याकाळ पाणी ओतायला लागली. इथपर्यंत सगळं उत्तम होतं. बुंध्याचं तोंड कायम पाण्याखाली असायला हवं, यावर सासू-सुनेचं एकमत होतं.

मग घरात मुंग्या आल्या.

बाल्कनीतून आल्या, हॉल ओलांडून झाडाच्या बुंध्याशी गेल्या, आणि परतही निघाल्या. दोन्ही बाजूंची वाहतूक सुरळीत. मी बॅटरी घेऊन जमिनीवर आडवा झालो. स्टँडमधलं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं आणि त्याला आंबूस वास मारत होता.

"आई, यात काय घातलंस?"

"काही नाही."

"आई."

"थोडा गूळ. ताकद यायला." मग जरा थांबून, "अन् हळद. जखम आहे ना त्याले खाली. अन् तुझी एक व्हिटॅमिनची गोळी."

"मुळं फुटतील असं वाटलं का तुला?"

"प्रयत्न करायला काय जाते?" ती म्हणाली.

आता ते पाणी बदलायचं कसं? झाड उचललं तर मुलीनं त्यावर टांगलेले चकचकीत दागिने पडणार. मी म्हणालो, सायफन करू. फिश टँकची एक पारदर्शक नळी घरात होती. तिचं एक टोक स्टँडमध्ये सोडलं, दुसरं तोंडात धरलं आणि बादली जवळ घेऊन ओढलं. नळीतून पाणी कुठवर आलंय हे दिसत होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. पण त्याच वेळी एक मुंगी मानेवरून कानात शिरायला निघाली, मी दचकलो आणि जोरात ओढलं. गूळ, हळद, झाडाचा चीक आणि व्हिटॅमिन सी यांचं मिश्रण थेट घशाखाली गेलं. मी झाडाखालून खोकत बाहेर आलो. मुलगी सोफ्यावर लोळत हसत होती. आईनं पाण्याचा पेला दिला आणि म्हणाली, "त्यात वाईट काहीच नव्हतं. हळद तर घशाले चांगलीच."

पुन्हा साधं पाणी भरलं. झाडानं पिणं सुरू ठेवलं, माझा घसा मात्र दोन दिवस चिकट होता.

मेणबत्तीचं भांडण मात्र मिटलं नव्हतं. एका शनिवारी दुपारी बायकोनं ठरवलं की आता बोलून उपयोग नाही. झाड आणलं त्या दिवशी तिनं खालची एक बारकी फांदी कापून बाल्कनीत टाकली होती. तिला रोज ऊन लागत होतं. ती वाळून तांबूस झाली होती, पण फार नाही. बायकोनं ती स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ठेवली. एका हातात ओला टॉवेल, शेजारी भरलेली बादली. मुलीला लांब उभं केलं. मग आईला बोलावलं.

"आई, तुम्ही शाळेत प्रयोग करून दाखवायच्या ना? हा एक बघा."

तिनं लायटर लावला. मला वाटलं होतं फांदी धुमसेल, जराशी जळेल. ती फट्ट करून पेटली. तडतड आवाज, पिवळी ज्वाळा नळाच्या वर, आणि आम्ही श्वास घेऊन सोडायच्या आत सगळं संपलंही होतं. सिंकमध्ये काळी काडी उरली. बायकोनं तिच्यावर टॉवेल टाकला.

धूर मात्र वर गेला होता. आणि हॉलच्या छताला लावलेला धुराचा अलार्म वाजायला लागला.

तो आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. कानात खिळा ठोकल्यासारखा. मुलीनं कान दाबले. मी स्टूल घेऊन धावलो, पण अलार्म होता झाडाच्या बरोबर वर, आणि हात पोचायचा तर फांद्यांत शिरावं लागणार. बायको नेहमीच्या सवयीनं ओरडली, "सगळ्यांनी शांतपणे बाहेर पडा!" आणि आम्ही निघालो. आई, मुलगी, मी. एका रांगेत.

कॉरिडॉरमध्ये सगळी दारं उघडली होती. शेजारच्या फ्लॅटमधल्या चिनी आंटी, ज्यांच्याशी लिफ्टमध्ये हसण्यापलीकडे आमचा कधी संबंध आला नव्हता, त्या हातात लाल अग्निशामक घेऊन आमच्या दाराकडे येत होत्या. सत्तरीच्या, बारीकशा, आणि ते नळकांडं जवळजवळ त्यांच्याएवढंच. त्यांनी पिन काढलेली होती.

"नो फायर! नो फायर, आंटी!" मी दोन्ही हात पसरून उभा राहिलो.

"देन वाय अलार्म?"

बायकोला हे समजावून सांगताना मी पाहिलं, आणि मला तिची दया आली. आपण फायर वॉर्डन आहोत आणि सासूला दाखवण्यासाठी आपणच आग लावली, हे वाक्य कुठल्याही भाषेत अवघडच. आंटींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग घरात आल्या, खिडक्या उघडल्या, टॉवेल घेऊन अलार्मखाली वारा घातला, आणि तो थांबला. मग त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली. पाणी बघितलं, पसंत पडलं. दिव्यांची माळ बघितली, ती पसंत पडली नाही. ती आमच्या प्लॅस्टिकच्या झाडाची जुनी माळ होती, वायर एके ठिकाणी सोललेली. "धिस वन थ्रो," त्या म्हणाल्या. बायकोच्या नजरेतून ती सुटली होती, हे तिला फार लागलं. तिनं ती माळ ताबडतोब कचऱ्यात टाकली. आंटी चर्चला जाणाऱ्या होत्या आणि वर्षानुवर्षं खरं झाड आणायच्या, हे आम्हाला तेव्हा कळलं. मुलं परदेशी गेल्यापासून आणणं बंद केलं होतं.

आई तोवर आत आली होती. ती स्वयंपाकघरात सिंकपाशी उभी होती आणि त्या काळ्या काडीकडे बघत होती. बायको तिच्याजवळ गेली.

"आई, मी तुम्हाला घाबरवायला नाही केलं."

"घाबरले नाही मी," आई म्हणाली. "प्रयोग चांगला होता. मुलांले असाच दाखवावा लागते." मग ती फळीपाशी गेली आणि मेणबत्ती अन् अगरबत्तीचा पुडा उचलून कपाटात ठेवून आली. "फुलं तर आहेत. होते वंदना फुलांवर."

बायकोचे डोळे भरून आले. मला वाटलं होतं ती जिंकल्यावर खूश होईल, पण ती सिंक घासत बसली.

संध्याकाळी आंटी पुन्हा आल्या. त्यांच्या हातात बॅटरीची मेणबत्ती होती, आत पिवळा दिवा लुकलुकणारी. त्यांनी ती आईच्या हातात दिली आणि फळीकडे बोट दाखवलं. आईनं ती मूर्तीपुढे ठेवली, वंदना घेतली. झाड आता कोपऱ्यात गेलं आणि आम्हाला बाथरूमला सरळ चालत जाता यायला लागलं. झोपायला जाताना आई सवयीनं त्या मेणबत्तीला फुंकर मारायची. ती विझायची नाही. आई पुन्हा मारायची. "आजी, खाली स्विच आहे, लाह!" मुलगी रोज सांगायची आणि आजी रोज म्हणायची, "माहीत आहे मले."

झाडाचे नवे दिवे घराबाहेर पडताना आणि झोपताना बंद करायचे, असा नियम झाला. तो पाळायला एकाऐवजी दोन वॉर्डन होत्या, कारण शेजारच्या आंटीही कॉरिडॉरमधून जाता जाता आमच्या खिडकीतून डोकावून बघायच्या.

ख्रिसमसच्या दिवशी आम्ही त्यांना जेवायला बोलावलं. त्या लाकडाच्या ओंडक्यासारखा दिसणारा लॉग केक घेऊन आल्या. आईनं सकाळपासून बसून सांबारवड्या केल्या होत्या. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर; तिचं सारण, बेसनाची पारी, कढत तेलात तळलेल्या. आंटींनी एक खाल्ली, दुसरी घेतली आणि विचारलं, "स्प्रिंग रोल?"

"सांबारवडी," आई म्हणाली.

"साम्बा वाडी."

"हां."

मग दोघी झाडाजवळ खुर्च्या टाकून बसल्या. आई मराठीत बोलत होती, आंटी अर्धं इंग्रजी आणि अर्धं स्वतःच्या भाषेत. मी मध्ये भाषांतर करायला गेलो तर दोघींनी मला हातानंच थांबवलं. मुलगी झाडाखाली तिचा नवा खेळ उघडत होती, आणि घरभर तो वास होता, ज्यासाठी हे सगळं झालं. खरं सांगायचं तर मला तोवर त्याची सवय होऊन तो यायचाच बंद झाला होता. दाराबाहेर जाऊन परत आत आलो तेव्हा आला. चांगला होता.

नवीन वर्षाच्या सुमारास झाडानं पाणी पिणं थांबवलं. आईनं दोन दिवस वाट पाहिली, मग स्वतःच म्हणाली, "आता नाही पीत ते. आता घरात ठेवू नका." बायकोला काही सांगावं लागलं नाही. दागिने काढले, दिवे काढले. जुन्या चादरीत गुंडाळून झाड लिफ्टपर्यंत नेताना इतकी पानं गळली की कॉरिडॉर हिरवागार झाला. आंटी झाडू घेऊन बाहेर आल्या, आईकडे एक होताच. आम्ही खालून परत येईपर्यंत दोघींनी अख्खा मजला झाडून काढला होता, दुसऱ्यांच्या दारांसमोरचाही, आणि लिफ्टसमोर उभ्या राहून कशावर तरी खूप हसत होत्या. कशावर ते दोघींपैकी कुणीच सांगितलं नाही.

आई जानेवारीत नागपूरला परतली. हल्ली रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला की पाच मिनिटं माझी चौकशी होते, दोन मिनिटं सुनेची, मग ती विचारते, "त्या घरी आहेत का?" मी फोन घेऊन शेजारी जातो. आंटींनी चहा तयारच ठेवलेला असतो. फोन टेबलावर उभा करायचा आणि आपण निघून यायचं, एवढंच माझं काम. अर्ध्या तासानं आणायला जातो, तेव्हा दोघीही एकाच वेळी बोलत असतात.